मदत हवी आहे: डॉमिनिका, विमानतळावरून रोसोला कसं जायचं? (अर्जंट)

पाऊलवाट
काल रात्री चौघांची तिकिटं काढली, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्याची. हॉटेल रोसोला घेतलंय. आता विमानतळापासून हॉटेलचा रस्ता बघतेय तर मॅप रस्ताच दाखवत नाही. तीनदा पत्ता घालून झाला. टॅक्सी आधी ठरवावी लागते का? आणि सासूबाई-सासरे शुद्ध शाकाहारी आहेत, तिथे काय मिळेल? 'आधी गूगल करा' म्हणू नका, करूनच आलेय.

दर्यावर्दी
निघताय कुठून आणि उतरताय कुठे? तिथे दोन विमानतळ आहेत. केनफील्ड रोसोला लागून आहे, पण छोट्या विमानांचा. मोठा डग्लस-चार्ल्स पार ईशान्येला. तिथून रोसो म्हणजे सगळा घाट, तासाभराहून जास्तच धरा. गाडी चालवणार असाल तर डावीकडून.

लेगब्रेक
रोसो म्हणजे विंडसर पार्क! जुलै २०२३, जयस्वालचं पदार्पण आणि १७१ धावा. अश्विनच्या १२ विकेट. आपण डाव आणि १४१ धावांनी जिंकलो. मैदान शहरातच आहे, मागे हिरवे डोंगर. नक्की बघून या.

पाऊलवाट
क्रिकेटचं नंतर, प्लीज. नेवार्कहून निघतोय, पुंता कानाला उतरतोय. टॅक्सी???

दर्यावर्दी
ताई, थांबा. पुंता काना डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आहे. तो वेगळा देश, भाषा स्पॅनिश, शेजारी हैती. रोसो डॉमिनिकाची राजधानी. तिथे इंग्रजी आणि क्वेयोल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली स्थानिक बोली, बोलतात. दोन्हींच्या मध्ये पोर्तो रिको आणि आणखी कितीतरी बेटं. मॅप रस्ता दाखवणार कुठून? तिकीट विमान कंपनीकडूनच काढलंय ना? प्रवासाला सात दिवसांहून जास्त अवकाश असेल तर अमेरिकेतल्या नियमाने २४ तासांत रद्द करून पूर्ण पैसे मिळतात. किती वाजता काढलं?

पाऊलवाट
रात्री साडेअकराला. कंपनीच्याच साइटवर. बापरे. करते.

निवांत
माझं ऐका, डॉमिनिकाचा नाद सोडा. २०१७ मध्ये मारिया वादळाने बेट झोपवलं. त्यापेक्षा पोर्तो रिकोला जा, अमेरिकेचाच भाग, व्हिसाची भानगड नाही.

सह्यकडा
२०१७ ची गोष्ट आता कशाला? मी २०२४ मध्ये आठ दिवस राहून आलो. रस्ते ठीक, जंगल पुन्हा भरलेलं. मात्र पांढरी वाळू आणि रिसॉर्ट हवं असेल तर हे बेट तुमचं नाही. इथे डोंगर, धबधबे आणि जमिनीतून निघणारी वाफ. उकळत्या तळ्याची चढाई जाऊन-येऊन सहा तासांची, चिखल आणि दगड, सासू-सासऱ्यांना अजिबात नेऊ नका. ट्रफाल्गर धबधबा आणि एमराल्ड पूल त्यांना जमेल, थोडंच चालायचं आहे.

हिशेबी
तिथे गुंतवणूक करून नागरिकत्व मिळतं, १९९३ पासून योजना आहे. कुणी चौकशी केली आहे का? भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल, ते लक्षात ठेवा.

दर्यावर्दी
हिशेबी, वेगळा धागा काढा. ताई, भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकाला व्हिसा लागत नाही. पण परत येताना? एच-वनबी, म्हणजे अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा असेल, तर पासपोर्टमधला स्टॅम्प चालू आहे का?

पाऊलवाट
रद्द झालं, मेल आली!! खूप खूप आभार. स्टॅम्प म्हणजे? ह्यांचं सातशे सत्त्याण्णव, म्हणजे एच-वनबी मंजुरीचा कागद, २०२७ पर्यंत आहे.

निवांत
मग काय अडचण? तीस दिवसांत परतलं तर जुना स्टॅम्प चालतो. मी टोरांटोहून तसाच आलो.

दर्यावर्दी
निवांत, ते कॅनडा आणि मेक्सिकोपुरतं. कॅरिबियन बेटांसाठी ती सवलत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना. एच-वनबीवाला जुन्या स्टॅम्पवर डॉमिनिकाहून निघाला तर विमानातच बसू देणार नाहीत. सातशे सत्त्याण्णव राहण्यासाठी, पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे स्टॅम्प, तो आत येण्यासाठी.

पाऊलवाट
आत्ता बघितलं. ह्यांचा स्टॅम्प मार्चमध्येच संपलाय. डिसेंबरात भारतात जाऊन करणार आहोत. म्हणजे डॉमिनिका वसंतातच. हॉटेलने तारीख बदलून दिली. पण शाकाहाराचं कुणीच सांगितलं नाही.

काजूकतली
मी सांगते, आईबाबांना घेऊन गेले होते. इटल जेवण मागायचं. रास्ताफारी लोकांचं बिनमांसाचं जेवण, रोसोत मिळतं. निरफणस, दशीन म्हणजे आपल्या अळकुड्यांसारखाच मोठा कंद, उकडलेली कच्ची केळी, डाळ, नारळाचं दूध. आईने पहिल्याच दिवशी सोबतचे थेपले बाजूला ठेवले. कॅलालू मात्र विचारून घ्या, ते अळूच्या फदफद्यासारखं दिसतं, पण त्यात खेकडा घालतात. वॉटन वेव्हनच्या गरम कुंडात उतरण्याआधी सासूबाईंना जोडवी काढून ठेवायला सांगा. पाण्यात गंधक असतं. माझ्या आईची चांदीची जोडवी पाच मिनिटांत काळी कुळकुळीत झाली, तिचा जीव नुसता हळहळला. रात्री टूथपेस्ट लावून घासली तेव्हा कुठे उजळली.

पाऊलवाट
लिहून ठेवलं. त्यांची जोडवी लग्नातली आहेत, घरीच ठेवून जायला सांगते.