प्रश्नावली द्या, पण रुग्णापासून दूर बसवून

आजारी माणसासोबत राहणाऱ्याचे हाल आकड्यांत कसे मोजणार, असं विचारलं जातं. मोजता येतात. कॅन्सर रुग्णांच्या घरच्यांसाठी संशोधक वाइट्झनर आणि सहकाऱ्यांची १९९९ची प्रश्नावली आहे: ३५ विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण. झोप, पैशाची ओढाताण, अपराधी वाटणं, शिवाय रुग्णाशी जवळीक वाढली का, हेही. हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो.

पण ती भरून कुठे घेता, यावर सगळं आहे. आईच्या केमोच्या वेळी बाबा पलंगाशेजारी मांडीवर फाइल धरून बसायचे. तिच्यासमोर "कसे आहात?" विचारलं की म्हणायचे, "मला काय झालंय?" जिन्यात एकटे भेटले तेव्हा म्हणाले, "तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."