नवीन प्रोसेसरसाठी थांबू की आत्ताच पीसी बिल्ड करू?

प्रश्न:
माझा पीसी ८ वर्षांचा झालाय, व्हिडिओ एडिटिंग करताना सारखा अडकतो. एएमडीच्या एएम५ मदरबोर्डवर रायझन ९००० सिरीजचा प्रोसेसर घ्यायचं जवळपास ठरलं होतं पण पुढची सिरीज येणार असं सगळीकडे वाचतोय आणि मग हात आखडतो. काय करू?

उत्तर:
काम अडतंय ना, मग घेऊन टाक. एएम५ सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२२ ला आलं, रायझन ७००० आणि ९००० दोन्ही सिरीज त्याच्यावर चालतात, फार तर बायोस (बोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागतो. त्याआधीच्या एएम४ सॉकेटच्या वेळी तर २०१७ च्या कितीतरी बोर्डांवर २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी प्रोसेसर बसला, लोकांनी नुसता प्रोसेसर बदलला बाकी सगळं तेच. म्हणून बोर्ड आणि पॉवर सप्लाय चांगला घे.

दुसरं उत्तर:
लाँचची तारीख जाहीर झाली असेल आणि महिनाभरच उरला असेल तर थांब, जुन्याचे भाव उतरू शकतात. पण अफवांवर नको रे, मी ग्राफिक्स कार्डासाठी तसा वर्षभर थांबलो आणि आलं तेव्हा स्टॉकच नव्हता, फार वाईट वाटलं.

प्रश्नकर्ता:
ठीक, घेतोच मग. रॅम ३२ जीबी पुरेल?

उत्तर:
सुरुवातीला पुरेल. २ स्टिकच घे, एएम५ वर ४ लावल्या की रॅमचा स्पीड बराच खाली येतो.