अनुभव धागा : डिस्क धडधाकट, पण चित्रपट काही लागेना

काल कपाट आवरताना लाल कव्हरातली एक एचडी डीव्हीडी (ब्लू-रेशी स्पर्धा करणारी, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) हाती लागली. तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये या प्रकारातून अंग काढून घेतले, तरी एक्सबॉक्स ३६० या गेम खेळायच्या यंत्रासाठी निघालेला बाहेरचा ड्राइव्ह मी जपून ठेवला होता. तो यूएसबीने संगणकाला जोडल्यावर डिस्क फिरली, फाइलींची यादीही दिसली; मात्र प्लेअर सॉफ्टवेअरने ‘आधी अद्ययावत करा’ असा हट्ट धरला आणि ते अद्ययावत करणारा सर्व्हर केव्हाच बंद पडलेला निघाला. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

•

हा एएसीएस संरक्षणाचा, म्हणजे अशा डिस्कची नक्कल होऊ नये म्हणून घातलेल्या कुलपाचा प्रताप आहे. रद्द झालेल्या किल्ल्यांची (डिस्क उघडण्यासाठी प्लेअर सॉफ्टवेअरला दिलेल्या संकेतांकांची) यादी नव्या डिस्कवरूनच येते आणि ड्राइव्ह ती कायमची लक्षात ठेवतो. मी हौसेने एक नवी ब्लू-रे घातली, तर त्या दिवसापासून जुन्या सॉफ्टवेअरवर माझ्या जुन्या डिस्कही लागेनाशा झाल्या. विकतचे दुखणे म्हणतात ते हेच.

•

आमची गोष्ट साध्या डीव्हीडीची आहे. संगणकातल्या ड्राइव्हचा रीजन (जगाच्या कोणत्या भागातल्या डिस्क चालतील तो विभाग) पाचच वेळा बदलता येतो, हे धाकट्या भावाला ठाऊक नव्हते. त्याने प्रत्येक सूचनेला बिनदिक्कत ‘होय’ म्हटले आणि ड्राइव्ह भलत्याच रीजनवर कायमचा अडकला. अजूनही तो विषय निघाला की भाऊ चहा करायला उठतो.

•

आमच्या टीव्हीला एकच जोडणी असल्यामुळे डीव्हीडी प्लेअरची वायर व्हीसीआरमधून नेली होती. चित्र दर काही सेकंदांनी काळवंडायचे आणि पुन्हा भगभगीत व्हायचे. टीव्ही बिघडला असे समजून आम्ही तो उघडायच्या बेतात होतो. दोष मॅक्रोव्हिजनचा, म्हणजे व्हीसीआरवर नक्कल होऊ नये म्हणून चित्र बिघडवणाऱ्या संरक्षणाचा होता, हे फार उशिरा कळले. आम्हाला नक्कल करायची नव्हती, नुसते बघायचे होते!

•

अमेरिकेत १९९८ साली निघालेली डिव्हएक्स डिस्क कोणी पाहिली आहे का? (त्याच नावाच्या, व्हिडिओ फाइल लहान करणाऱ्या कोडेकशी गल्लत नको.) पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास चालायची आणि प्लेअरला हिशेब देण्यासाठी टेलिफोनची तार लागायची. २००१ मध्ये ती यंत्रणा बंद झाली.

•

धागाकर्त्यास : संगणकाचा नाद सोडून एचडी डीव्हीडीचा स्वतंत्र प्लेअर मिळतो का पाहावे; त्याला डिस्क लावण्यासाठी इंटरनेट लागत नाही.

•

तसा प्लेअर आज एका मित्राकडून आणला. मेनू आला, चित्रपटही सुरू झाला, पण विसाव्या मिनिटाला चित्राचे ठोकळे झाले. डिस्क उजेडात धरली, तर कडेला फिकट तपकिरी झाक दिसते आहे.