ऐतिहासिक लेसच्या सचित्र पुस्तकावरून क्रोशाने काय विणता येईल?

साखळी_खांब, सोलापूर
नमस्कार. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय लेसचे एक मोठे सचित्र पुस्तक आमच्या विणकाम गटाने घेतले आहे. छायाचित्रे अतिशय देखणी आहेत, परंतु एकाही नमुन्याची कृती दिलेली नाही. भिंगातून टाके मोजले की कोणताही नमुना क्रोशाने उतरवता येईल, असे काही मैत्रिणींचे मत आहे. मला ते पटत नाही. छायाचित्रावरून लेसचा प्रकार कसा ओळखावा आणि त्यातले कोणते नमुने क्रोशाला मानवतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

काजटाका
ताई, आपली शंका योग्य आहे. व्हेनिसच्या किंवा फ्रान्समधील आलाँसोंच्या लेसमध्ये सारे काम साध्या सुईने आणि काजाच्या टाक्याने होते: आखणीवर जाड दोरा टाचून घेतात, त्याच्या आधाराने टाके भरत जातात आणि शेवटी टाचण कापून लेस मोकळी करतात. बॉबिनच्या, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या लहान दांड्यांवर केलेल्या, लेसमध्ये मात्र दोऱ्यांच्या जोड्या एकमेकींवरून नेऊन आणि पीळ देऊन वीण तयार होते. म्हणून भिंग भरीव पाकळीवर धरावे. तिथे उभे-आडवे धागे साध्या कापडासारखे दिसले तर ती बॉबिनची, आणि फासांच्या ओळी दिसल्या तर सुईची. एकोणिसाव्या शतकातील नमुन्यांबाबत अधिक सावध राहावे. इंग्लंडमधील जॉन हीथकोट यांच्या यंत्रावर जाळी निघू लागल्यानंतर हाताने केलेली फुले यंत्राच्या जाळीवर शिवण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे एकाच तुकड्यात दोन्ही सापडतात.

जाळीकाम
क्रोशासाठी सर्वांत सोयीचे नमुने चौकटींच्या जाळीचे. फेदेरिको विंचिओलो यांच्या पॅरिसमध्ये १५८७ साली छापलेल्या नमुनासंग्रहात असे आराखडे चौकटींवरच दिलेले आहेत. रिकाम्या चौकटीला एक खांब (क्रोशाचा उंच टाका) व दोन साखळ्या, भरलेल्या चौकटीला तीन खांब, आणि ओळीच्या शेवटी एक जादा खांब, असा हिशेब धरावा. म्हणजे ६० चौकटींच्या रुंदीला १८१ टाके होतात. अडचण एकच आहे. प्रत्येकीच्या हाताचा खांब सारख्या उंचीचा नसतो आणि चौकट थोडी जरी आडवी झाली तरी चित्रातला हरिण बसका दिसू लागतो, तेव्हा दहा चौकटींचा तुकडा विणून मोजल्याशिवाय मोठे काम सुरू करू नये.

व्हेनिसची उठावदार फुलांची लेस हुबेहूब साधणार नाही, पण तिचा आभास आणता येतो. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकातील दुष्काळात स्त्रियांनी नेमके हेच केले आणि क्रोशाने विणलेली ती लेस विकून घरे चालवली. फुले व पाने जाड दोऱ्याभोवती सुटी विणून घ्यावीत आणि नंतर साखळ्यांच्या जाळीने जोडावीत.

मागवाला, पूर्व भाग
आमच्या घरी चादरीचे माग असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून लिहितो. बॉबिन लेसच्या आराखड्यावरील भोके पाहून ‘हे तर जॅकार्डचे (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राचे) पत्ते’ असे इथल्या माणसाला सहज वाटते. पण जॅकार्डच्या पत्त्यातील भोक कोणता ताणा उचलायचा हे ठरवते. लेसच्या आराखड्यातील भोक केवळ टाचणी कुठे खोवायची एवढेच सांगते. जोड्या कशा फिरवायच्या हे करणारीच्या हातात असते, त्यामुळे फक्त भोकांवरून संपूर्ण कृती मिळणे कठीण.

साखळी_खांब
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौकटींच्या नमुन्यांपासून सुरुवात करू. त्यासाठी दोरा कोणत्या नंबरचा घ्यावा?

जाळीकाम
आधी २० नंबरचा घ्यावा, चौकटी स्पष्ट मोजता येतात. हात बसल्यावर ४० नंबरचा घ्यावा; त्यात तेच काम बरेच लहान आणि नाजूक होईल. पुस्तकातील छायाचित्राशेजारी मापपट्टी दिलेली असल्यास मूळ लेसची रुंदी आधी काढून ठेवावी, कारण छापताना नमुने बहुधा मोठे केलेले असतात.