लागण : उसाची आणि विषाणूची

प्रश्न : वृत्तपत्रांतून 'संसर्ग', 'लागण', 'प्रादुर्भाव' आणि 'साथ' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांच्या अर्थांत भेद आहे का, आणि 'लागण' हा बोलीतला शब्द प्रमाण लेखनात चालेल का?

उत्तर : चालेलच, आणि माझ्या मते या चौघांत तोच सर्वांत नेमका आहे.

आमच्या वाळवा तालुक्यात (जि. सांगली) 'लागण' म्हटले की आधी उसाची लावणी डोळ्यांसमोर येते. जुलै 2020 मध्ये मामांनी फोनवर "आमच्याकडं लागण झाली" एवढेच सांगितले आणि पुण्यात माझी आई मटकन खाली बसली. मामा आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या, उसाविषयी बोलत होते. तेव्हापासून या दोन अर्थांचे नाते माझ्या मनात घोळते आहे.

दोन्हींच्या मुळाशी 'लागणे' हे क्रियापद आहे. चिकटणे, जडणे, रुजणे या त्याच्या छटा. सरीत दोन डोळ्यांची टिपरी (उसाचा तुकडा) दाबली, की काही दिवसांत तिला मुळ्या आणि कोंब फुटतात. विषाणूचीही पहिली पायरी चिकटण्याचीच असते. कोरोना विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यांसारखी प्रथिने आपल्या श्वसनमार्गातील पेशींवरच्या एसीई-2 या ग्राहीला (रिसेप्टर प्रथिनाला) चिकटतात, मग विषाणूचे जनुकीय द्रव्य पेशीत शिरते आणि पेशीचीच यंत्रणा राबवून त्याच्या असंख्य प्रती तयार होतात. साम्य मात्र इथेच संपते, कारण टिपरीत स्वतःचा अन्नसाठा असतो, तर विषाणूला पेशीबाहेर वाढच नसते.

उसावरील मोझॅक या विषाणूजन्य रोगात हे दोन्ही अर्थ अक्षरशः एकत्र येतात. पानांवर फिकट हिरवे-पिवळे पट्टे उमटवणारा हा रोग मावा किडीमुळे पसरतो तसाच रोगट बेण्यातूनही, म्हणजे लावणीच्या टिपऱ्यांतूनही, पसरतो, म्हणजे तिथे लागणीतूनच लागण होते. (गवताळ वाढ या उसाच्या दुसऱ्या रोगालाही काही शेतकरी 'व्हायरस' म्हणतात, तिचे कारण मात्र फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणू.)

'संसर्ग' या शब्दाचा मूळ अर्थ संपर्क. वैद्यकीय लेखनात तो 'इन्फेक्शन'साठी रूढ झाला असून ते आता मान्य करावे लागेल; तरीही संपर्क आलेल्या प्रत्येकाला लागण होतेच असे नाही, हा भेद त्यामुळे पुसट होतो याची मला खंत वाटते. लागण म्हणजे आजारही नव्हे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात, आणि कोरोनासारखा विषाणू लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही पसरत असल्याने 'बाधित' आणि 'रुग्ण' हे शब्द वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

'प्रादुर्भाव' म्हणजे उघड होणे, प्रकट होणे. म्हणून तो एखाद्या ठिकाणी रोग दिसू लागल्यावर योग्य ठरतो. 2022 मध्ये लम्पी (गुरांचा विषाणूजन्य त्वचारोग) आली तेव्हा जनावरांच्या अंगावर गाठी दिसल्या, की गावात प्रादुर्भाव झाला असे म्हणत, आणि ते बरोबर होते. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत लागण त्याआधीच झालेली असे.

'साथ' समूहाची असते. एका माणसाला साथ येत नाही, गावाला येते. प्रत्येक बाधिताकडून सरासरी एकापेक्षा अधिक जणांना लागण होत राहिली, की रुग्णांची संख्या वाढत जाऊन साथ पसरते. म्हणून 'खोंडाला लम्पीची लागण झाली' आणि 'तालुक्यात लम्पीची साथ आली' ही दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत, पण परवा वाचलेले 'गोठ्याला साथीची लागण' हे चूक आहे.