भुशीऐवजी देवकुंड? ऐन पावसाळ्यात?

रानवाट: ‘लोणावळ्याच्या भुशी धरणावरची जत्रा सोडा, भिऱ्याजवळचा देवकुंड धबधबा गाठा, वाट एकदम सोपी’ ही पोस्ट सगळीकडे फिरतेय. लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा! पाटणूस गावाहून भिरा धरणाच्या कडेने वाट सपाट आहे, ते खरं. पण पुढे रानात ओढे ओलांडावे लागतात. पाऊस कोसळतो वर ताम्हिणी घाटाकडे आणि पाणी चढतं खाली. जाताना घोटाभर असलेला ओढा परतताना कमरेला लागतो. म्हणूनच पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं. नोव्हेंबरात जा, तेव्हाही धार असते.

घाटमाथा: मग भुशी सुरक्षित का? 30 जून 2024 ला तिथल्याच धबधब्यात एका कुटुंबातले 5 जण वाहून गेले. पाणी वाढलंच तर हातात हात घालून साखळी करायची, सगळे पार होतात.

रानवाट: साखळीचा सल्ला देऊच नका! नवख्यांच्या साखळीत एकाचा पाय सुटला की शेजारचे दोघे ओढले जातात.

दोरवाला: दोर हवाच. पण आडवा सरळ नको, पलीकडचं टोक प्रवाहाच्या दिशेने खाली घ्या, म्हणजे पाणीच माणसाला काठाकडे ढकलतं. दोराच्या खालच्या, म्हणजे पाणी वाहत जातं त्या अंगाने चाला. कमरेला मात्र कधीच बांधू नका. पाय घसरला तर ताणलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. सॅकचा कमरपट्टा आधी सोडा.

घाटमाथा: पुस्तकी ज्ञान पुरे! 25 जणांमागे एक वाटाड्या देतात, तो दोर लावणार की माणसं मोजणार? खरा प्रश्न तो आहे.

दोरवाला: वाटाड्यावर खापर फोडू नका. एवढी माणसं त्याच्या गळ्यात मारतो तो सहल काढणारा. आणि गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर दोर असूनही उतरायचं नाही. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला, आवाज जड झाला, की लगेच काठावर उंच जागी बसायचं. पाऊस थांबला की असे लहान ओढे सहसा काही तासांत उतरतात. त्यासाठी सॅकमध्ये विजेरी, कोरडा कपडा आणि जादा खाणं हवंच.

घाटमाथा: बरं, साखळीचं मागे घेतो. पण नोव्हेंबरातही कुंडात उड्या मारणारे असतातच, त्यांचं काय?

रानवाट: कुंड खोल आहे, पाणी गार, काठाचा दगड शेवाळलेला. पोहायचं नाहीच. धारेखालीही उभं राहू नका, वरून दगड येतात.