अनुभव धागा: गृहपाठ, वर्गाचे नियम आणि घरातली संध्याकाळ

मी तिसरीला शिकवते, चौदा वर्षं झाली. हा धागा काढायला कारण एक साधी वजाबाकी: ५२ − ३७.

घरून आलेल्या झाडून सगळ्या वह्यांत उत्तर १५. पानं अशी स्वच्छ की समासाबाहेर एक आकडा नाही. मी खूश होऊन पुढच्या धड्याला लागले. आठवड्याने वर्गातच कोऱ्या कागदावर त्याच जातीची वजाबाकी घातली, तर ४१ पैकी १९ जणांची चुकली आणि तीही एकाच पद्धतीने. ५२ वजा ३७, उत्तर २५. सातातून दोन गेले, पाच. पाचातून तीन गेले, दोन. ‘मोठ्यातून लहान काढायचं’ हे आम्हीच पहिलीत पढवलेलं वाक्य मुलं निष्ठेने पाळत होती. दशक सुटा करायचा असतो हे डोक्यात शिरलेलंच नव्हतं. ही चूक दोन दिवसांत सुधारता येते, पण ती दिसायला हवी ना! ती रोज संध्याकाळी कुणीतरी मायेने खोडरबरने पुसत होतं.

तेव्हापासून माझ्या वर्गाचे गृहपाठाचे नियम असे आहेत. घरी खोडरबर नाही. चुकलं तर एक आडवी रेघ आणि पुढे लिहायचं. अर्धा तास झाला की जिथे असाल तिथे रेघ ओढायची, शेजारी घरच्यांनी सही करायची, वही बंद. उरलेलं उरू दे. प्रश्न वाचून दाखवायला हरकत नाही, उत्तर सांगायला आहे.

पालकसभेत हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “मग बाई, तुम्ही शिकवणार काय?” प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता.

तर तुमचे अनुभव लिहा. गृहपाठाचे, वर्गातल्या नियमांचे, फसलेले असतील तर आधी ते.

पहिलीतल्या मुलीची आई

कबुलीजबाबापासून सुरुवात करते. माझ्या मुलीला ‘क’ एक पानभर लिहून न्यायचा होता. सातला बसलो. पाच ओळी नीट झाल्या, सहावीत ‘क’ची गाठ सुटायला लागली, आठवीत अश्रू. नऊ वाजले तेव्हा ती वहीवर डोकं ठेवून झोपली होती. उरलेल्या सहा ओळी मी लिहिल्या. डाव्या हाताने! म्हणजे अक्षर तिच्यासारखं वाकडं येईल. दुसऱ्या दिवशी वहीत ‘छान’ असा शेरा. तो शेरा तिला दाखवताना मला तिच्याकडे बघवेना.

दोन मुलांचा बाबा

आमचा ज्वालामुखी जिल्ह्यात पहिला आला असता. रात्री साडेअकरापर्यंत पुठ्ठा, कागदाचा लगदा, रंग. मुलगा दहाला झोपला. सकाळी त्याने विचारलं, “बाबा, हा कसला डोंगर आहे?”

एवढंच.

चौथीचे वर्गशिक्षक

गृहपाठावर बरेच लिहितील, मी नियमांवर लिहितो. नवा होतो तेव्हा माझ्या वर्गात भिंतीवर २२ नियम होते. मोठ्याने बोलू नका, धावू नका, मध्ये बोलू नका, जागा सोडू नका. एकदा मीच न बघता ते म्हणून पाहायचा प्रयत्न केला, नऊवर अडकलो. मग मुलांकडून अपेक्षा कशाला?

आता चार आहेत आणि चारही ‘काय करायचं’ ते सांगणारे. ‘धावू नका’ म्हटलं की मुलाच्या डोळ्यांपुढे धावणंच येतं. ‘चालत जा’ म्हटलं की पाय चालतात. शिवाय नियम नुसता सांगून होत नाही, कवायतीसारखा करून घ्यावा लागतो. पहिले दोन आठवडे मी शिकवण्यापेक्षा वह्या गोळा कशा करायच्या, रांग कशी लावायची, शंका असेल तर काय करायचं हेच घोटून घेतो. वरिष्ठांना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पुढे वर्षभर तो परत मिळतो, हा माझा हिशेब.

पाचवा नियम मुलांनी घातला. मी विचारलं होतं, अजून काही हवंय का? एक मुलगी म्हणाली, “सरांनी प्रश्न विचारल्यावर जरा थांबायचं.” मला राग आला, मग घड्याळ लावून पाहिलं. प्रश्न विचारून मी जेमतेम एक सेकंद थांबत होतो आणि लगेच हुशार मुलाकडे वळत होतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गावर्गांतून नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही हात वर करतात. तीन सेकंद वर्गापुढे गप्प उभं राहून बघा. युगासारखे वाटतात.

दुसरीतल्या मुलाची आई

चांदण्यांचा तक्ता. गृहपाठ वेळेत केला की एक चांदणी, दहा झाल्या की बक्षीस. पहिले तीन आठवडे घर स्वर्ग होतं. मग एके दिवशी मी म्हटलं, “गोष्टीचं पुस्तक वाचतोस का?” त्याने मान वर न करता विचारलं, “किती चांदण्या?” हे पुस्तक तो आधी आपणहून, पांघरुणात बॅटरी लावून वाचायचा.

तक्ता उतरवला. नंतर कळलं की १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर हाच प्रयोग केला होता. ज्यांना चित्र काढल्याबद्दल आधी बक्षीस कबूल केलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रं कमी काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. दात घासणं, दप्तर भरणं अशा कंटाळवाण्या कामांना चांदणी आम्ही अजून देतो, ते चालतं असं माझं मत आहे. जे मूल आवडीने करतंय त्याला मात्र भाव लावू नका.

नाव नको

माझ्या मुलाला वाचन-लेखनाची अडचण आहे, डिस्लेक्सिया. हे कळलं तिसरीच्या शेवटी. त्याआधी दोन वर्षं ‘चुकलेले शब्द दहादा लिहून आणा’. त्याचे चुकलेले शब्द रोज वीस. वीस दहादा दोनशे. बरं, पहिल्यांदा जो चुकीचा उतरवला तोच दहाही वेळा चुकीचा. म्हणजे चूकच पाठ होत होती. मी ओरडायची, तो पेन्सिलीचं टोक मोडायचा. मुद्दाम, पुन्हा टोक करण्यात दोन मिनिटं जातात म्हणून. हे त्याने मला आत्ता, सहावीत गेल्यावर सांगितलं.

चौथीच्या बाईंनी एकच गोष्ट केली. त्याचा गृहपाठ तोंडी घेतला आणि लिहायला फक्त तीन शब्द, पण रोज तेच, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. बाकी मुलांनी विचारलं, “त्याला कमी का?” बाई म्हणाल्या, “चष्मा सगळ्यांना एकाच नंबरचा देऊ का?” विषय संपला. नियम सगळ्यांना सारखाच हवा असं म्हणणाऱ्यांनी हा चष्मा लक्षात ठेवा, प्लीज.

रात्रपाळीवाला

‘पालकांनी तपासून सही करावी.’ छान. आम्ही दोघं पाळीत कामाला. मी घरी येतो तेव्हा मुलगी शाळेत असते. तिने माझी सही शिकून घेतली. महिनाभर कुणालाच कळलं नाही, कारण ती माझ्यापेक्षा बरी करायची. पकडली गेली आणि मला बोलावणं. ‘खोटेपणा’ असा शब्द वापरला गेला. मी विचारलं, वही मी बघितल्याची खात्री हवीय की सही? ज्या घरात शिकवायला, तपासायला कुणी मोकळं नाही, त्या मुलाला शिक्षा कसली? ती नऊ वर्षांची पोर गृहपाठ स्वतः करून स्वतःच सही करत होती. खरं तर कौतुक व्हायला हवं होतं. (सहीचं नाही.)

धागा काढणाऱ्या बाईंच्या नियमातही सही आहेच, एवढं नम्रपणे नोंदवतो.

आजोबा, निवृत्त

सगळे गृहपाठाच्या विरोधात दिसतात. मी थोडा उलटा सूर लावतो. आमच्या नातीच्या शाळेत गृहपाठ बंदच केला. वर्षभर पोर आनंदात, घरही आनंदात. पण पाढे? पाढे पाठ व्हायला रोज पाच मिनिटं घोकावेच लागतात. वर्गात चाळीस जणांकडून कोण घोकून घेणार? आता चौथीत भागाकाराशी अडते आहे, भागाकार कळत नाही म्हणून नाही, सात आठे येत नाही म्हणून. गृहपाठ नको म्हणजे सरावच नको, असं नसतं हो. आणि संध्याकाळच्या रिकाम्या झालेल्या वेळात तिने काय केलं म्हणता? पडदा बघितला.

तिसरीच्या बाई (धागा काढणारी)

आजोबा, मान्य. हॅरिस कूपर यांनी सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतल्या १९८७ ते २००३ या काळातल्या अभ्यासांचा आढावा २००६ मध्ये मांडला. गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध सातवीपासून पुढे चांगला दिसतो, लहान वर्गांत मात्र क्षीण. म्हणून ते ‘इयत्तेमागे दहा मिनिटं’ असा अंदाज सांगतात. माझा तिसरीचा अर्धा तास तिथूनच आलाय. त्या अर्ध्या तासात काय घालायचं, खरी मेख तिथे आहे. पाढे, वाचन, दोन-तीन गणितं एवढं बसतं. पानभर गिरवणं बसत नाही, ज्वालामुखी तर नाहीच.

रात्रपाळीवाले दादा, तुमचा मुद्दा लागला. सही काढून टाकते. रेघ मुलानेच ओढायची आणि शेजारी वेळ लिहायची. घड्याळही शिकून होईल.

व्हॉट्सअ‍ॅप गटाला कंटाळलेली

रोज रात्री आठ वाजता: ‘आज मराठीला काय दिलंय?’ त्यावर सात उत्तरं, त्यातली दोन परस्परविरोधी, मग वहीचे फोटो, मग फोटो अस्पष्ट म्हणून पुन्हा. मी मुलाला सांगितलं, तू लिहून आणलं नसशील तर मी विचारणार नाही. पहिल्या आठवड्यात तीनदा वर्गात उभा राहिला. दुसऱ्या आठवड्यात एकदा. आता फळ्यावरून उतरवल्याशिवाय दप्तर भरत नाही. बाकीच्या आया मला निष्ठुर समजतात, समजोत.

पहिलीतल्या मुलीची आई

सगळं वाचलं. काल आमच्या बाईंना वहीत लिहिलं, ‘आज चारच ओळी झाल्या, झोप आली.’ भीत भीत. उत्तर आलं, ‘चालेल. चारही तिच्याच आहेत ना?’ म्हणजे त्यांना कळलं होतं?

तिसरीच्या बाई

अहो, कळतंच. डाव्या हाताने अक्षर वाकडं काढता येतं, पण लहान मुलं पेन्सिल कागदात रुतवून लिहितात. पान उलटून मागून बोट फिरवलं की उठाव लागतो. तुमच्या सहा ओळींमागे पान सपाट असणार.